वळिवड्याची पोलिश शाळा



आमच्या कुर्डुवाडी जंक्शनावरून पंढरपूर-सांगोला मार्गानें मिरजेस आणि तेथून पुढें कोल्हापूरकडे निघालें म्हणजे शहराच्या थोडें अलीकडे वळिवडे नांवाचें एक लहानसें स्टेशन लागतें. हें नांव ऐकतांच बहुतेकांना जवळच्या गांधीनगरचा कापडबाजार आठवतो. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्यानें येथें क्षणभर थांबावें, असें मला वाटतें. आपली भूमि गमावलेल्या दोन समाजांनीं एकापाठोपाठ येथेंच आसरा घेतला. आणि भूमि गेल्यावर भाषा कोणीं सांभाळावयाची, या प्रश्नाचीं दोन निरनिराळीं उत्तरें येथें पाहावयास मिळतात.

पहिला समाज पोलिश लोकांचा. १९३९ च्या सप्टेंबरांत पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीनें व पूर्वेकडून सोव्हिएत रशियानें आक्रमण केलें. पूर्व भागांतील लाखों माणसें १९४० व १९४१ या सालीं सायबेरिया व कझाकस्तान येथें हद्दपार झालीं. पुढें जर्मनीनें रशियावरच हल्ला केल्यानें दिवस पालटले; १९४१ च्या जुलैंत झालेल्या करारानें या लोकांची सुटका झाली, आणि १९४२ सालीं त्यांतील पुष्कळसे इराणांत पोहोंचले. तेथून कांहीं जण हिंदुस्थानांत आले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं बालाचडी येथें पोलिश मुलांना आश्रय दिला. १९४३ सालीं करवीर संस्थानच्या भूमीवर वळिवड्यास मोठी छावणी उभी राहिली. तींत सुमारें ५,००० माणसें होतीं. बहुतेक स्त्रिया, मुलें आणि वृद्ध.

या लोकांचें सरकार लंडनमध्यें होतें. स्वदेशाची हातभर जमीनही त्याच्या ताब्यांत नव्हती. तरी छावणीच्या खर्चाचा भार त्यानें उचलला, आणि त्या खर्चांत शाळेला अग्रस्थान दिलें. प्राथमिक वर्ग, माध्यमिक शाळा, धंदेशिक्षण, चर्च, रुग्णालय, नाट्यगृह, बालवीरांचीं पथकें, सर्व कांहीं तेथें होतें. आणि शिक्षणाचें माध्यम पोलिश भाषा हेंच होतें. पोटाला धड अन्न नाहीं, उद्यां कोठें जावयाचें ठाऊक नाहीं, अशा वेळीं व्याकरणाचे पाठ घेण्याचा हा आग्रह कशासाठीं?

याचें उत्तर त्या राष्ट्राच्या मागील इतिहासांत आहे. १७९५ सालीं रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनीं पोलंडचा उरलासुरला मुलूख वांटून घेतला. तेव्हांपासून १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षें, पोलंड नांवाचें राज्य नकाशावर स्वतंत्रपणें नव्हतें. १९०१ सालीं प्रशियाच्या ताब्यांतील व्झेश्निया गांवीं धर्मशिक्षण जर्मन भाषेंतून घेण्यास मुलांनीं नकार दिला, तेव्हां त्यांना छड्या खाव्या लागल्या, आणि निषेध करणाऱ्या पालकांना तुरुंगांत जावें लागलें. राज्य परत आलें तेव्हां तें चालविणारे लोक पोलिश बोलणारे, लिहिणारेच होते. हा अनुभव ज्यांच्या आजोबांनीं सांगितला, त्यांना शाळा ही चैन कशी वाटावी?

पुढें आणखी एक आघात झाला. १९४५ च्या जुलैंत इंग्लंड व अमेरिका यांनीं लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या सरकारनें शाळा चालविली, तेंच जगाच्या दृष्टीनें नाहींसें झालें! पुढील काळांत संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्यसंस्थेचा आधार मिळाला आणि १९४८ सालीं छावणी उठली. कांहीं लोक पोलंडला परतले, इतर इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत विखुरले. परंतु जातांना आपली भाषा शिकलेलीं मुलें बरोबर घेऊन गेले.

भाषेचें हें काम केवळ सरकारी पैशानेंच होतें, असें मात्र नव्हे. वांदा दिनोव्स्का या पोलिश विदुषीनें, जिला गांधीजींनीं उमादेवी हें नांव दिलें, १९४४ सालीं मद्रासेंत पोलिश-भारतीय ग्रंथमाला काढली. तिचे सहकारी मॉरिस फ्रीडमन यांनीं त्यापूर्वीं औंध संस्थानांतील स्वराज्याच्या प्रयोगांत भाग घेतला होता. निसर्गदत्त महाराजांचीं मराठी प्रवचनें १९७३ सालीं इंग्रजींत आणली तीं याच फ्रीडमन यांनीं. भाषा जपणारा मनुष्य दुसऱ्याच्या भाषेचाही मान राखतो, याचें हें उदाहरण आहे.

दुसरा समाज सिंधी निर्वासितांचा. फाळणीनंतर ते याच जागीं आले आणि त्यांच्या कष्टानें गांधीनगर भरभराटीस आलें. परंतु सिंध प्रांत सबंध पाकिस्तानांत गेला. भारतांत सिंधी भाषेचें राज्य उरलें नाहीं. त्यांच्या लेखकांनीं व शिक्षकांनीं आपल्या बळावर भाषा जागती ठेवली. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत सिंधीला स्थान १९६७ सालीं मिळालें, आणि तिच्या संवर्धनासाठीं राष्ट्रीय परिषद १९९४ सालीं स्थापन झाली. फाळणीच्या सालीं शाळेंत असलेलें मूल तोंवर आजोबा झालेलें होतें. पोलिश सरकारनें पहिल्या दिवशीं केलेलें काम येथें दोन पिढ्यांनंतर हातीं घेण्यांत आलें. त्या दोन पिढ्यांचें नुकसान कोणत्याही परिषदेस भरून काढतां येणार नाहीं.

२०१२ सालीं पोलंडच्या सरकारनें नवी दिल्लींत पोलिश इन्स्टिट्यूट उघडलें. परक्या देशांत आपल्या संस्कृतीचा परिचय करून देण्यासाठीं सरकार पैसा खर्चितें, ही कांहींना हौस वाटेल. वळिवड्याची हकीगत ठाऊक असलेल्यास ती तशी वाटणार नाहीं.

आपल्याकडे राज्य आहे, १९९२ सालीं स्थापिलेली राज्य मराठी विकास संस्था आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. उणीव असेल तर ती पैशाची नव्हे. वळिवड्याच्या छावणींत आईनें मुलास प्रथम शाळेंत धाडलें. आपल्या सुखवस्तु घरांतून मुलाच्या हातीं मराठी पुस्तक शेवटचें केव्हां दिलें, एवढें प्रत्येकानें आज रात्रीं आठवून पाहावें.