पलटण त्यांची, रान आपलं

परतवाड्याच्या छावणीचा पगार आपल्या रानातून गेला, हे बुलढाण्याच्या घाटावरच्या म्हाताऱ्यांना इतिहासाचं पुस्तक न उघडताच ठाऊक होतं. माझे आजोबा चिखलीकडचे. धाब्याच्या घराला सागवानी तुळया हव्या होत्या, म्हणून तरुणपणी ते परतवाड्याच्या लाकूडबाजारात गेले. लष्कराच्या जुन्या बराकी पाहून सोबतचा म्हातारा म्हणाला, "पाह्यलं? पलटन त्यायची, रान आपलं." आजोबा हे शांतपणे सांगत, जणू कुणाच्या बांधाचं जुनं भांडण सांगावं.

म्हातारा फारसा चुकला नव्हता. हैदराबादचा रेसिडेंट हेन्री रसेल याने 1810 नंतरच्या वर्षांत निजामाच्या पैशाने आणि इंग्रज अंमलदारांच्या हुकमाखाली फौज उभी केली. तीच पुढे हैदराबाद काँटिंजंट झाली. बोलारम, औरंगाबाद, जालना, हिंगोली, एलिचपूर म्हणजे आजचं अचलपूर, अशा तिच्या छावण्या. परतवाडा ही अचलपूरची छावणी. उन्हाळ्यात जीव नकोसा झाला की साहेबलोक वर मेळघाटात चढत. चिखलदरा 1823 मध्ये कॅप्टन रॉबिन्सनला सापडला तो याच फौजेमुळे. (कोरकूंना तो आधीपासून सापडलेलाच होता.) निजामाचा कारभारी चंदुलाल पामर कंपनीकडून जबर व्याजाने कर्ज काढून शिपायांचे पगार भागवी. पगार थकत गेले, कर्ज फुगत गेलं.

त्या दिवसांतली आमच्याकडची मोठी गोष्ट जाधवांची. लखुजीराजांचं सिंदखेड, जिजाऊंचं माहेर. त्या घराण्यातले बाजीराव जाधव यांच्या पदरी अरबांची शिबंदी होती. 1851 मध्ये हे अरब काँटिंजंटशी भिडले. बाजीरावांचा त्यात हात नव्हता असं म्हणतात, पण जबाबदार तेच धरले गेले, वतन जप्त झालं आणि ते कैदेतच वारले. आजी सांगे की त्या धामधुमीत बायका धान्याच्या पेवात लपल्या होत्या. मला हे कधी पटलं नाही. पेव उघडल्यावर बराच वेळ वारा लागल्याशिवाय आत पाऊल टाकू नका, माणूस गुदमरून मरतो, असं तीच तर दरवर्षी बजावत असे. पण भीती खरी असणार; नाहीतर चार पिढ्यांनी हे पेव कशाला जपलं असतं?

दोनच वर्षांनी, मे 1853 मध्ये, करार झाला. फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब इंग्रजांच्या हवाली केले. 1860 मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, वऱ्हाड मात्र ठेवून घेतलं. नाव गहाणाचं, पण सोडवून देण्याची इच्छा कुणाला होती असं मला वाटत नाही. अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरला कापूस हवासा झाला आणि 1870 मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा पोचला. असं गहाण सावकार सोडतो का? बुलढाणा जिल्हाही याच काळात आकाराला आला. मुंबईच्या पद्धतीने जमिनी मोजल्या, सारा बसला. साऱ्याचे हप्ते घाटाखालच्यांनी भरले, तसे घाटावरच्यांनीही.

1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने गहाणाचा कायमचा पट्टा करून घेतला. निजामाला वर्षाला 25 लाख रुपये, आणि वऱ्हाड इंग्रजांकडे. काँटिंजंटही मोडून हिंदुस्थानी लष्करात मिसळली. तिच्या पलटणींची पुढे 19वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि 1945 मध्ये तिचं नाव पडलं कुमाऊं रेजिमेंट. अचलपूरच्या नवाब सलाबतखानाने अठराव्या शतकाच्या अखेरीस उभी केलेली पलटण आज तिची चौथी बटालियन आहे. 3 नोव्हेंबर 1947 रोजी बडगामला लढताना पडलेले आणि पहिलं परमवीरचक्र मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा याच बटालियनचे. आजोबांना हे कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी आधी विचारलं असतं, पगार कोण देतं?