दफ्तर, टाइपरायटर आणि न उघडणाऱ्या फायली

मराठी कारभारातले रोजचे शब्द आठवून पाहा. दफ्तर, अर्ज, दाखला, नक्कल, मसुदा, तहसील, वसूल, रोजनामा. सगळे अरबी-फारसीतून आलेले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश तयार केला आणि अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी कचेरीने जुने शब्द सोडले नाहीत. फडणवीस, चिटणीस, पारसनीस ही आडनावेही याच कचेरीतली. त्यातला 'नवीस' किंवा 'नीस' म्हणजे लिहिणारा. ज्याला लिहिता येते तो आत बसलेला आणि ज्याला येत नाही तो दारात उभा, ही व्यवस्था किती जुनी आहे ते या एका प्रत्ययावरून कळते.

आता आत बसलेल्याच्या हातात बोरूऐवजी कीबोर्ड आहे. त्याला तो नीट वापरता येतो का, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. संगणक आला म्हणजे कारभार सुधारला, असे धरून चालतो. दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. इथे एका अक्षराच्या फरकाने माणसाच्या दहा चकरा होतात.

मोडी वाचणारे कुठे गेले?

आमचा भाग वऱ्हाडातला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. त्याआधी दरबाराची भाषा फारसी होती आणि गावपातळीवरचे हिशेब मोडीत लिहिले जात. इंग्रजी अमलात वणी नावाने ओळखला जाणारा जिल्हा १९०५ मध्ये यवतमाळ झाला. विसाव्या शतकात कचेऱ्यांतून बालबोध, म्हणजे देवनागरी रुळली आणि मोडी मागे पडली. शाळांतून मोडी शिकवणे गेल्या शतकाच्या मध्याला जवळपास थांबले. जुने बस्ते मात्र कपाटात तसेच राहिले.

त्याचा हिशेब २०२३ मध्ये द्यावा लागला. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी जुनी दफ्तरे बाहेर निघाली. कागद शाबूत होते, पण त्यातले कित्येक मोडीत होते आणि निजामाच्या अमलातले उर्दू-फारसीत. ते वाचणारी माणसे शोधावी लागली. कागद टिकला, वाचणारा टिकला नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा, कारण पुढची गोष्ट याहून वाईट आहे.

खटखट गेली, सवय राहिली

टाइपरायटर आला तेव्हा लिहिणाऱ्याचे कौशल्य मोजायचे एक साधे माप मिळाले: मिनिटाला किती शब्द. गोदरेजने १९५५ मध्ये देशी बनावटीचा टाइपरायटर आणला आणि पुढची चार-पाच दशके गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून मुलामुलींच्या पिढ्या बाहेर पडल्या. मराठी ३०, इंग्रजी ४०. लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत आजही हेच आकडे असतात.

मराठी टाइपरायटरवर अक्षर नाही, अक्षराचा आकार छापला जाई. अर्धा 'ग' वेगळा आणि त्यापुढचा काना वेगळा. यंत्राला ते पुरेसे होते, कारण कागद वाचायला माणूस होता. संगणक आला तेव्हा टंकलेखकाची बोटे बदलू नयेत म्हणून हीच पद्धत संगणकात उतरवली गेली. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉन्ट आले. कुठे कृतिदेव, कुठे शिवाजी, कुठे श्रीलिपी. पडद्यावर मराठी दिसे, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांची खिचडी असे. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की फाइल उघडून काहीच वाचता येत नसे.

यावरचा उपाय तेव्हाही होता. भारतीय लिप्यांसाठीचा इस्की हा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. पुण्याच्या सी-डॅकचे त्यातले काम मोठे आहे. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच आणि तिच्यात देवनागरी होती. विंडोज २००० पासून नेहमीच्या संगणकात देवनागरी युनिकोडची सोय आली. पण कचेरीतली सवय बदलायला कुणी बसवून शिकवले नाही. वर्षानुवर्षे याद्या, आदेश, ठराव जुन्याच फॉन्टात तयार होत राहिले. मोडीचा कागद दीडशे वर्षांनी तरी वाचता आला, या फायली वीस वर्षांतच मुक्या झाल्या. त्यांच्यात नाव शोधता येत नाही आणि त्यांची यादी क्रमाने लावता येत नाही.

प्रमाणपत्र भिंतीवर

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम घरोघर पोचला. सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागू लागले. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना २००७ च्या अखेरची मुदत होती. त्या मुदतीत जे उत्तीर्ण झाले नाहीत त्यांच्या वेतनवाढी अडल्या आणि वसुलीचे वाद पुढे कित्येक वर्षे चालले. या अभ्यासक्रमाने खेड्यातल्या मुलींना पहिल्यांदा माउस हातात दिला, हे श्रेय त्याला द्यायला हवे. पण परीक्षा पगाराशी बांधली गेली की माणूस परीक्षेपुरते शिकतो. प्रमाणपत्र सेवापुस्तकात लागते आणि संगणकाचे काम कचेरीतल्या एखाद्या कंत्राटी पोरावर येऊन पडते. तो रजेवर गेला की 'आज सर्व्हर बंद आहे, उद्या या' असे उत्तर मिळते.

नोंद करायला हवी की ही उणीव फक्त कारकुनाची नाही. माझा एक भाचा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, पगार चांगला. मागच्या ईदला घरी आला तेव्हा धाकट्या बहिणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसला. दाखल्याची पीडीएफ ठरलेल्या आकारापेक्षा मोठी होती. ती लहान कशी करायची आणि मराठीत नाव कसे टाइप करायचे, यात त्याचा तास गेला. "मामू, हे आमच्या कामात कधी लागतच नाही," तो म्हणाला. शेवटी चौकातल्या नेट कॅफेच्या पोराने दोन मिनिटांत करून दिले. तो पोरगा बारावी नापास आहे. भाच्याला कमी लेखावे असे यात काही नाही. त्याला त्याचे काम येते, पण त्याचे काम म्हणजे सगळा संगणक नव्हे. अडचण एवढीच की अर्जाची खिडकी कशी असावी हे असेच इंजिनिअर ठरवतात आणि ती खिडकी त्यांनी स्वतः कधी भरलेली नसते.

'अ.' म्हणजे अब्दुल

या दोन उणिवा एकत्र आल्या की काय होते, ते आमच्या नावांवरून पाहा. विदर्भातल्या जुन्या सातबाऱ्यावर मुसलमान शेतकऱ्याचे नाव 'अ. रहीम वल्द अ. करीम' असे लिहिलेले असते. अ. म्हणजे अब्दुल, मो. म्हणजे मोहम्मद, शे. म्हणजे शेख. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. पटवाऱ्याला हे कळे, गावाला कळे. नोंद संगणकात गेली तेव्हा चढवणाऱ्याने जे दिसले तेच चढवले. आधारवर तोच माणूस 'शेख अब्दुल रहीम' झाला, बँकेत 'रहीम शेख'. अर्जात पहिले नाव, मधले नाव, आडनाव असे तीन रकाने, आणि या नावाचा कोणता तुकडा कुठे घालायचा ते प्रत्येक केंद्रचालक आपापल्या समजुतीने ठरवतो. संगणकाच्या लेखी ही तीन वेगळी माणसे झाली.

हा त्रास फक्त आमचा नाही. बंजारा तांड्यावरच्या बाईचे नाव माहेरचे की सासरचे, यातही तेच होते. २०१७ च्या कर्जमाफीत राज्यभर ऑनलाइन अर्ज भरून घेतले गेले. अर्जातली माहिती आणि बँकांकडून आलेली माहिती यांचा मेळ बसेना, याद्यांत चुका निघाल्या आणि रक्कम खात्यात पडायला उशीर झाला. कापसाच्या आणि कर्जाच्या या जिल्ह्यात उशीर म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. पुढच्या हंगामाचे बियाणे मग सावकाराच्या पैशातून येते.

हे फक्त आपल्याकडेच होते, असेही नाही. २०२० च्या कोरोना काळात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेतून सुमारे १६ हजार बाधितांच्या नोंदी काही दिवस गळाल्या. कारण एक्सेलची जुनी पद्धतीची फाइल. तिच्यात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. वरची माहिती कापली गेली आणि कुणाच्या लक्षात आले नाही. ज्यांच्या नोंदी गळाल्या त्यांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेत इशारा मिळाला नाही. तिथे पैसा होता, यंत्रे होती, पदव्या होत्या. कमी पडले ते रोजच्या हत्याराचे साधे ज्ञान.

नव्या काळाचा अर्जनवीस

पूर्वी कचेरीबाहेर झाडाखाली अर्जनवीस बसत. आज त्यांच्या जागी सेवा केंद्रे, नेट कॅफे आहेत. २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा आला आणि ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला. पण मुदत मोजली जाते ती नीट भरलेल्या अर्जापासून. अर्ज नीट भरणे ज्याला येते, हक्काची किल्ली त्याच्याकडे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत पाच वर्षांवरील ग्रामीण लोकांपैकी जेमतेम ९.९ टक्क्यांना संगणक चालवता येत होता. उरलेल्यांच्या हातात आता मोबाइल आहे, पण मोबाइलवर व्हिडिओ पाहणे आणि अर्ज भरणे यात अंतर आहे.

उर्दू शाळेतून आलेल्या आमच्या मुलांपुढे हे अंतर दुप्पट होते. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेच्या संगणक केंद्रांतून एक वर्षाचा डिप्लोमा मिळतो, त्यात हिशेबही असतो आणि बहुभाषी डीटीपीही. चांगली सोय आहे. पण उर्दूतही इनपेजच्या जुन्या फायलींचे दुखणे मराठी फॉन्टांसारखेच आहे. आणि महाराष्ट्रात नोकरी करायची तर मराठी कीबोर्ड यायलाच हवा. मुलाला उर्दू आणि मराठी दोन्ही युनिकोडमध्ये टाइप करता येणे हे आज हाताशी असलेले हुनर आहे. जुन्या दफ्तरांतले उर्दू-फारसी आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज २०२३ ने दाखवून दिलीच आहे.

मग करावे काय? टंकलेखनाच्या परीक्षेत वेगाबरोबर काम तपासावे: शंभर नावांची यादी द्यावी, ती युनिकोडमध्ये क्रमाने लावून, पीडीएफ करून, ठरलेल्या आकारात पाठवायला सांगावी. जुन्या फॉन्टातल्या फायली आताच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. तो कीबोर्ड ओळखणारी माणसे निवृत्तीला आली आहेत. आणि सरकारची वाट न पाहता आपल्या मोहल्ल्यात एक काम लगेच होऊ शकते. वाचनालयात किंवा शाळेच्या एखाद्या खोलीत रविवारी दोन तास बसावे. प्रत्येक घराने सातबारा, आधार, बँकेचे पासबुक आणि मुलांचे शाळेचे दाखले आणावेत. पुण्याहून सुटीवर आलेल्या इंजिनिअरने आणि चौकातल्या नेट कॅफेच्या पोराने शेजारी बसून ती नावे ताडून पाहावीत, फरक असेल तिथे दुरुस्तीचा अर्ज घरच्याच मुलीकडून भरून घ्यावा. इंजिनिअरला खिडकी कशी असावी ते कळेल, पोराला आपल्या हुनराची किंमत कळेल, आणि पुढच्या वेळी त्या घराला अर्जनवीस लागणार नाही.