दारूचा डबा आणि त्याचे झाकण

'दारू' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत दारू म्हणजे औषध. मराठीने त्याचे दोन अर्थ केले, एक पिण्याची दारू आणि दुसरी उडवण्याची. पिण्याच्या दारूबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज बोलणार आहे ते तोफेच्या दारूबद्दल आणि खरे सांगायचे तर दारूपेक्षाही ती ज्या डब्यांत, पिशव्यांत आणि पिंपांत ठेवतात त्यांच्याबद्दल.

विषय थोडा विचित्र वाटेल. तोफांवर पोवाडे रचले गेले, तोफांना नावे दिली गेली, किल्ला पाहायला गेलेला माणूस तोफेवर हात ठेवून फोटो काढतो. दारूच्या डब्याला कोणी नाव दिले नाही. पण कित्येक लढायांत तोफ कोणाची मोठी यापेक्षा दारूच्या डब्याचे झाकण कोणाचे बंद होते, याला जास्त महत्त्व आले. एका लढाईत तर तीन हजारांहून अधिक माणसे या झाकणापायी काही तासांत गेली. तिकडे वळण्याआधी थोडे मागे जावे लागेल.

तोफेला दोन गोष्टी लागतात. पुढे गोळा आणि त्याच्या मागे दारू. दारू पेटली की तिचा वायू होतो आणि तो वायू गोळ्याला बाहेर ढकलतो. जुनी काळी दारू म्हणजे साधारण पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. तिला दोन शत्रू, ओल आणि ठिणगी. ओल लागली की ती मरते, ठिणगी लागली की आपल्याला मारते. म्हणून ती लाकडी पिंपात ठेवत. पिंपाला पट्ट्या लाकडाच्या किंवा तांब्याच्या, कारण लोखंडावर लोखंड घासले तर ठिणगी पडते. कोठारही वस्तीपासून शक्य तितके लांब आणि जाड भिंतींचे. रायगडावर दारूकोठाराचे अवशेष आजही दाखवतात.

सुरुवातीला गोलंदाज लांब दांड्याच्या तांब्याच्या पळ्याने पिंपातली दारू काढून तोफेच्या तोंडात घालत. शेजारी उघडे पिंप, हातात पेटती जामगी आणि आधीच्या बारामुळे तापलेली तोफ. ही रीत फार दिवस चालली आणि तिने पुष्कळ गोलंदाज खाल्ले. त्यातून कल्पना निघाली की एका बाराला लागणारी दारू आधीच मोजून पिशवीत बांधून ठेवावी. हेच काडतूस.

हा शब्दही पाहण्यासारखा आहे. पोर्तुगीज 'कार्तुशो'वरून तो मराठीत आला. त्याचे मूळ कागदाच्या गुंडाळीत आहे. काडतूस म्हटले की आपल्याला १८५७ आठवते. ती बंदुकीची कागदी काडतुसे होती आणि त्यांना लावलेल्या चरबीच्या संशयावरून हिंदू आणि मुसलमान शिपाई एकत्र उठले. म्हणजे दारू ज्यात गुंडाळतात ती वस्तूसुद्धा इतिहास घडवू शकते.

तोफेच्या काडतुसात अडचण वेगळी होती. कागद पूर्ण जळत नाही. त्याचे धुमसते तुकडे तोफेत राहिले आणि त्यांवर नवी दारू सरकवली, तर बार गोलंदाजाच्या हातातच उडायचा. म्हणून दोन बारांच्या मध्ये ओला कुंचा फिरवीत. पुढे कागदाच्या जागी फ्लॅनेल आले, मग रेशीम आले. रेशीम जळून जाते आणि मागे निखारा ठेवीत नाही. साम्राज्यांच्या तोफांना रेशमी पिशव्या लागत, त्या थाटासाठी नव्हे.

जहाजावर हे सगळे आणखी कठीण. जमिनीवर कोठार लांब बांधता येते, जहाजावर लांब कुठे नेणार? म्हणून ते पाण्याच्या पातळीखाली, जहाजाच्या पोटात असे. नेल्सनचे 'व्हिक्टरी' हे जहाज १७६५ मध्ये पाण्यात उतरले आणि ते अजून पोर्ट्समथला जपलेले आहे. त्याच्या दारूकोठाराला आतून तांब्याचा पत्रा आहे. दिवा कोठारात न्यायचा नाही. तो शेजारच्या खोलीत आणि मध्ये काच. तिथून काडतुसे तोफांपर्यंत नेण्याचे काम बहुधा पोरांकडे. प्रत्येकाजवळ झाकणाचा डबा. त्यात काडतूस घालायचे, झाकण दाबून धरायचे आणि पळायचे. आपल्या मुंबईत वाडियांच्या गोदीत १८१७ मध्ये सागवानात बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौकाही अशाच तोफांची. ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाहायला मिळते.

कोठारापर्यंत आग पोचली तर काय होते हे १ ऑगस्ट १७९८ च्या रात्री नाईलच्या लढाईत साऱ्यांनी पाहिले. 'लोरियाँ' हे फ्रेंचांचे सर्वांत मोठे जहाज एका स्फोटात नाहीसे झाले. त्यानंतर काही वेळ दोन्ही बाजूंच्या तोफा आपोआप थांबल्या होत्या.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळी दारू मागे पडली. १८८९ मध्ये एबल आणि ड्यूअर या दोन शास्त्रज्ञांनी इंग्लंडमध्ये कॉर्डाइट तयार केले. नायट्रोग्लिसरीन आणि गनकॉटन यांत थोडे व्हॅसलीन मिसळून त्याच्या दोऱ्या काढायच्या. 'कॉर्ड' म्हणजे दोरी, म्हणून कॉर्डाइट. धूर कमी आणि जोर जास्त. पण ही दारू म्हातारी होते. उष्णतेने आतून बिघडत जाते आणि एखाद्या दिवशी आपणहून पेटू शकते. त्याच जातीच्या फ्रेंच दारूने तुलाँ बंदरात १९०७ मध्ये 'इएना' आणि १९११ मध्ये 'लिबेर्ते' या युद्धनौका उडाल्या. दोन्ही वेळी समोर शत्रू नव्हता. म्हणून नव्या दारूला हवाबंद डबे आले, कोठारे थंड ठेवण्याची यंत्रे आली आणि नियमांची पुस्तके जाड झाली.

आता ३१ मे १९१६ कडे येऊ. जागा डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळचा उत्तर समुद्र. लढाईचे नाव जटलंड. ब्रिटिश आणि जर्मन आरमारे समोरासमोर आली. ब्रिटिशांच्या बॅटलक्रूझर जातीच्या जहाजांचे नेतृत्व ॲडमिरल बीटी यांच्याकडे होते. त्यांच्या 'लायन' या जहाजाच्या एका तोफेला एका बारासाठी सुमारे १३० किलो कॉर्डाइट लागे. ते चार रेशमी पिशव्यांत विभागलेले असे आणि पिशवीच्या टोकाला पेट घेण्यासाठी थोडी काळी दारू. कोठारात या पिशव्या झाकणाच्या डब्यांत असत. डब्यातून काढायच्या, कोठाराच्या दारातून शेजारच्या खोलीत द्यायच्या आणि तिथून यांत्रिक पाळण्याने वर तोफेपर्यंत. नियम असा की डबा लागेल तेव्हाच उघडावा आणि कोठाराचे दार उघडे टाकू नये.

नियम होता, पण आरमाराला वेगाचे वेड लागले होते. जो जास्त वेगाने गोळे टाकील तो जिंकेल, अशी समजूत होती. वेगात सगळ्यांत मोठा अडथळा कोणाचा? झाकणाचा आणि दाराचा. म्हणून लढाईआधीच झाकणे काढून ठेवायची, पिशव्या दाराशी रचून ठेवायच्या आणि दारे उघडीच ठेवायची, अशी रीत पडली. कोणी त्याला बेफिकिरी म्हटले नाही. उलट ती चपळाई समजली गेली.

दुपारी चारच्या सुमारास 'इन्डिफॅटिगेबल' उडाले. त्यावरची १,०१७ माणसे गेली, दोन वाचली. मग साडेचारच्या आत 'क्वीन मेरी' उडाले. १,२६६ माणसे गेली. संध्याकाळी साडेसहानंतर 'इन्व्हिन्सिबल' मधोमध दुभंगले. १,०२६ गेली आणि सहा वाचली. तिन्ही जहाजे बुडाली ती छिद्र पडून पाणी शिरल्यामुळे नव्हे. ती आपल्याच दारूने फुटली.

'लायन'वरही गोळा आला. मधल्या बुरुजाचे छप्पर उडाले, आतले बहुतेक लोक जागच्या जागी मेले. नौसैनिक दलाचे मेजर फ्रान्सिस हार्वे मरणाच्या दारात होते. त्या अवस्थेत त्यांनी कोठाराची दारे लावून आत पाणी सोडण्याचा हुकूम दिला. थोड्या वेळाने वर धुमसणारी आग पाळण्यातल्या पिशव्यांपर्यंत पोचली आणि ज्वाळेचा लोट खाली गेला. खालची माणसे मेली, पण दारे बंद होती. जहाज वाचले. हार्वे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि तो योग्यच होता.

मला या गोष्टीतला दुसरा माणूस अधिक विचार करायला लावतो. त्याचे नाव अलेक्झांडर ग्रँट. 'लायन'चा मुख्य गोलंदाज. तो १९१५ मध्ये या जहाजावर आला आणि कोठारातला कारभार पाहून हादरला. त्याने शिस्त लावली. एका वेळी थोडेच डबे उघडायचे, दाराबाहेर पिशव्यांचा ढीग करायचा नाही, मध्ये उसंत मिळाली की दार बंद. असे केले तर तोफा मागे पडतील, ही भीती होतीच. ग्रँटने दाखवून दिले की थोडेच डबे उघडूनही तोफांना पुरवठा कमी पडत नाही. हार्वे यांच्या हुकमावर दारे लागू शकली, ती वाटेत ढीग नव्हता म्हणून, असे आता बरेच अभ्यासक मानतात. हार्वे यांचा पराक्रम काही क्षणांचा होता. ग्रँटचा कित्येक महिन्यांचा, आणि तोही रोजच्या कटकटीचा.

जर्मनांची जहाजे का उडाली नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. त्यांच्या मुख्य दारूला पितळेचे कवच असे, त्यामुळे ती सहज पेट घेत नसे. शिवाय त्यांना एक धडा आधीच मिळाला होता. २४ जानेवारी १९१५ ला डॉगर बँकच्या लढाईत त्यांच्या 'झायड्लिट्झ' जहाजाचे मागचे दोन्ही बुरूज जळाले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. विल्हेल्म हायडकाम्प नावाच्या खलाशाने तापलेले व्हॉल्व्ह हातांनी फिरवून कोठारात पाणी सोडले, म्हणून जहाज वाचले. त्यानंतर जर्मनांनी उघड्यावर राहणारी दारू कमी केली. जटलंडला त्यांचेही बुरूज जळाले, शेकडो माणसे मेली, पण आग कोठारात पोचून जहाज उडाले असे त्यांच्या बॅटलक्रूझरबाबत घडले नाही.

लढाईनंतर ब्रिटनमध्ये चर्चा झाली ती मुख्यतः चिलखताच्या जाडीची. चिलखत पातळ होते हे खोटे नाही आणि त्यांचे कॉर्डाइटही भडकू होते. पण उघड्या झाकणांबद्दल बोलणे अवघड होते. बोलायचे तर मेलेल्यांकडे बोट जाणार, आणि त्यांच्यापेक्षाही, वेगाची शाबासकी देणाऱ्या जिवंत वरिष्ठांकडे. जहाजांवर मात्र मुकाट्याने नवे नियम आले, ज्वाळा अडवणारी दारे बसली. खरे कारण काय होते, हे त्या दुरुस्त्यांवरूनच कळते.

झाकणे काढून ठेवणारे ते तरुण खलाशी आळशी नव्हते. ते कामसू होते. त्यांना जे कौतुकाचे वाटायला शिकवले, तेच त्यांनी केले. अपघात घडला की आपण बेफिकीर हात शोधतो. पण त्या हाताला घाई कोणी लावली, हे शोधायला फारसे कोणी जात नाही.

योगायोग पाहा. जटलंडनंतर बरोबर शंभर वर्षांनी, ३१ मे २०१६ च्या पहाटे, आपल्या वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली. डझनाहून अधिक अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी गेले. त्यांतले कित्येक जण आग विझवायला धावलेले होते. तिथे तोफेची दारू नव्हती, रणगाडाविरोधी सुरुंग होते. सदोष सुरुंगांतून स्फोटक पाझरत होते, असे नंतर पुढे आले. म्हणजे पुन्हा प्रश्न कवचाचाच.

जाता जाता आणखी एक शब्द. इंग्रजीत दारूकोठाराला मॅगझिन म्हणतात. तो अरबी 'मखज़न'वरून आला, म्हणजे साठवणीची जागा. नियतकालिकालाही मॅगझिन म्हणतात ते याच शब्दावरून. १९०१ मध्ये लाहोरला निघालेल्या एका प्रसिद्ध उर्दू मासिकाचे नावच 'मखज़न' होते, इक्बाल त्यात लिहीत. एकाच शब्दाच्या पोटात कविताही राहिली आणि दारूही. कवितेचे कोठार उघडे राहिले तर कोणाचे बिघडत नाही. दुसऱ्या कोठारापाशी मात्र ग्रँटसारखा, 'आधी झाकण लावा' म्हणून रोज कटकट करणारा माणूस हवा, आणि त्याचे ऐकणारे वरिष्ठही हवेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)