बदललेली पाटी

मुंबईच्या एका पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मैफलीची दोन तिकिटे आम्ही चांगली दोन महिने आधी काढून ठेवली होती. एक माझे आणि एक गुरुजींचे. गुरुजी म्हणजे आमच्या गावातले निवृत्त संगीतशिक्षक. वय ८० च्या पुढे. उभा जन्म शाळेत पेटीवर प्रार्थना बसवण्यात गेला. पण घरी आले की खुंटीवरचे व्हायोलिन काढायचे आणि रात्री रेडिओवर जे कुठले दूरदेशीचे संगीत सापडेल ते कान देऊन ऐकायचे. त्यांच्याजवळ बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीची एक जुनी तबकडी आहे. या सिंफनीतला तिसरा भाग न थांबता चौथ्या भागात शिरतो. दबक्या आवाजात नगारा घुमत राहतो आणि एकाएकी सारा वाद्यमेळ उजळून निघतो. गुरुजींच्या तबकडीवर नेमका तिथेच ओरखडा आहे. सुई उडते आणि पुढच्या वाटेला लागते. मी मोबाइलवर तो भाग त्यांना लावून दिला, तेव्हा "छान आहे" एवढेच म्हणाले. पण मला म्हणायचे, "मास्तर, तो सांधा एकदा समोर बसून ऐकायचा आहे."

असा योग २०१६ साली आला असता. त्या वर्षी एप्रिलात झुबीन मेहता आपल्या वयाची ८० वर्षे पूर्ण होत असल्याच्या निमित्ताने इस्रायल फिलहार्मोनिक वाद्यवृंद घेऊन मुंबईत आले होते. पण तो लातूरच्या पाण्याचा महिना. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली, १० डबे आणि ५ लाख लिटर पाणी. घागरी रांगेत ठेवून मुंबईला मैफलीस कोण जाणार? गुरुजींनी वर्तमानपत्रातले चित्र कापून ठेवले आणि गप्प बसले.

म्हणून यंदाच्या तिकिटांचे अप्रूप. आणि आता आयोजकांकडून निरोप आला की ठरलेले संचालक आजारी आहेत, त्यांच्या जागी दुसरे, वयाने तरुण संचालक येतील. आणि पाचव्या सिंफनीच्या ऐवजी सहावी, 'पास्तोराल', वाजवली जाईल.

शिक्षकांच्या खोलीत मी ही हकीकत सांगितली तेव्हा एकजण म्हणाले, "कंडक्टर बदलला तर काय झालं? गाडी तर तीच!" सगळे हसले. संध्याकाळी मी ती थट्टा गुरुजींना सांगितली. ते हसले नाहीत. म्हणाले, "कंडक्टर बदलू द्या हो. पण इथं गाडीची पाटीच बदलली. आपण एका गावाला निघालो आणि गाडी निघाली दुसऱ्या गावाला. मला नाही यायचं. तुम्ही जाऊन या."

मी स्वतः नोकरीला लागलो तो बदली मास्तर म्हणून. पहिल्या दिवशी वर्गात पाऊल टाकताच पोरांनी विचारले, "आमचे सर कधी येणार?" तो प्रश्न मी विसरलेलो नाही. त्यामुळे न पाहिलेल्या त्या तरुण संचालकाबद्दल मला उगाच आपुलकी वाटू लागली. गुरुजींना मनवायचे तर नुसता आग्रह उपयोगाचा नव्हता. म्हणून मी इतिहास धुंडाळायला बसलो.

प्रथम हे बघायला हवे, की हा संचालक करतो काय? आपल्या मैफलीत असा गृहस्थ नाही. गवय्या स्वतःच धनी. तबला आणि पेटी त्याच्या तोंडाकडे पाहून चालतात. वरातीच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवणारा म्होरक्या असतो, पण तोही वाजवत असतो. वाद्यवृंदाचा संचालक मात्र एकही सूर वाजवत नाही. साठसत्तर वादकांपुढे ज्याच्या त्याच्या वाद्यापुरताच कागद असतो. साऱ्या ओळी एकाखाली एक मांडलेले पुस्तक एकट्या संचालकापुढे असते. लय किती ठेवायची, कोणाचा आवाज दाबायचा, कोणाला पुढे आणायचे, हे तो तालमीत ठरवतो. सूर तेच राहतात, पण संचालक बदलला की त्यांचे वजन बदलते. म्हणूनच आयत्या वेळी नाव बदलले की श्रोता बिचकतो. नव्या माणसाला तालमीला दिवस थोडे मिळतात. जी रचना त्याच्या अंगवळणी पडली आहे तीच तो मागतो. कार्यक्रमही बदलतो तो बहुधा अशाच कारणाने.

अशा बदलीतूनच मोठा झालेला सर्वांत प्रसिद्ध माणूस आपल्या मुंबईचाच आहे. मेहली मेहतांनी स्वतःच्या हिमतीवर व्हायोलिन आत्मसात केले आणि १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचा मुलगा झुबीन, जन्म २९ एप्रिल १९३६. घरात दिवसभर वाद्यांचे सूर. सोळाव्या वर्षी हा मुलगा वडिलांच्या वाद्यवृंदाच्या तालमी घेऊ लागला. डॉक्टर व्हावे म्हणून त्याला कॉलेजात घातले होते. ते सोडून १९५४ साली तो व्हिएन्नाला गेला आणि हान्स स्वारोव्स्की यांच्या हाताखाली शिकला. १९५८ साली लिव्हरपूलच्या स्पर्धेत पहिला आला. पण पहिला आलेल्याला वाद्यवृंद मिळतोच असे नाही.

मिळाला तो दुसऱ्यांच्या आजारपणामुळे. १९६० साली माँट्रियलला इगॉर मार्केविच येऊ शकले नाहीत. त्यांच्या जागी २४ वर्षांचा झुबीन उभा राहिला. १९६१ च्या आरंभी लॉस एंजेलिसला फ्रिट्झ राइनर आजारी पडले, तिथेही हाच. त्याच वर्षी इस्रायलला यूजीन ऑर्मंडी यांच्या जागी पुन्हा हाच. तिन्ही गावचे श्रोते तिकीट काढून बसले होते दुसऱ्याच नावासाठी. पुढे काय झाले पाहा. माँट्रियलने त्याला आपला संगीत-संचालक नेमले. लॉस एंजेलिसला तो १९६२ पासून १९७८ पर्यंत राहिला. इस्रायल फिलहार्मोनिकशी जडलेले नाते तर २०१९ पर्यंत टिकले. ज्या वाद्यवृंदासह ते २०१६ साली मुंबईत आले, त्याच्यापुढे ते पहिल्यांदा उभे राहिले होते बदली म्हणून.

ही हकीकत गुरुजींना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "ज्याची जागा गेली त्याचं काय?" प्रश्न रास्त होता. लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाने गेऑर्ग शोल्टी या नामवंताला संगीत-संचालक नेमले होते. त्यांना न विचारता संस्थेच्या चालकांनी झुबीनला सहायक म्हणून घेतले. शोल्टींचा राग तरुण मुलावर नव्हता. आपल्याला विचारले नाही यावर होता. १९६१ साली त्यांनी राजीनामा दिला. बदलीच्या गोष्टीत कोणाचे तरी दैव उघडते तेव्हा दुसऱ्या कोणाला तरी ठेच लागलेली असते, हे लपवण्यात अर्थ नाही. शोल्टी पुढे शिकागोला गेले आणि तिथे फार मोठे झाले, म्हणून ही कथा कडू होत नाही, इतकेच.

न्यूयॉर्कची गोष्ट याहून नाट्यमय आहे. १४ नोव्हेंबर १९४३, रविवार. ब्रूनो वॉल्टर तापाने अंथरुणावर, मुख्य संचालक रोझिन्स्की बाहेरगावी बर्फात अडकलेले. सकाळी फोन गेला तो २५ वर्षांच्या सहायकाला, लेनर्ड बर्नस्टाइनला. तालीम एकही नाही. वॉल्टरांच्या खोलीत जाऊन त्याने अवघड जागा तेवढ्या विचारून घेतल्या आणि दुपारी तीनला कार्नेगी हॉलमध्ये उभा राहिला. कार्यक्रम देशभर रेडिओवरून ऐकवला जात होता. दुसऱ्या दिवशी त्याचे नाव वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आले.

आपल्या रंगभूमीला हे नवे नाही. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. नाटक खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. खेळ रद्द झाला असता तर कोणी बोट ठेवले नसते. पण भामिनी रंगमंचावर आली. त्या रात्रीचे धैर्यधर होते नानासाहेब जोगळेकर. ते त्याच वर्षी वारले. भूमिका थांबली नाही. दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ ला, टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले तेव्हा बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर होते ललितकलादर्शचे केशवराव भोसले. लोकांनी त्या रात्रीची वाट पाहिली तशी मराठी मुलुखात क्वचितच कोणत्या खेळाची पाहिली असेल. आणि ४ ऑक्टोबरला केशवरावही गेले, ३१ वर्षांचे. ज्यांनी "पुन्हा केव्हातरी पाहू" म्हणून तो खेळ चुकवला, त्यांचे 'पुन्हा' राहूनच गेले. हे वाक्य मी गुरुजींसमोर मुद्दाम सावकाश उच्चारले.

ते म्हणाले, "हे सगळं कंडक्टरचं झालं. पाटीचं काय?"

पाटीचे उत्तर मला व्हिएन्नात सापडले. २२ डिसेंबर १८०८. थिएटर आन डेर वीनमध्ये बीथोव्हनने स्वतःच्या रचनांची मैफल ठेवली होती. संध्याकाळी साडेसहाला सुरू झालेली ती साडेदहापर्यंत चालली. कडाक्याची थंडी, आणि नाटकगृहात ऊब नाही. वादकांशी त्याचे आधीच बिनसले होते. जिने गायचे ती गायिका भांडून निघून गेली. तिच्या जागी आणलेली मुलगी भीतीने गांगरली. शेवटाला वाजवायची रचना अगदी आयत्या वेळी लिहून झालेली. ती मध्येच कोलमडली, तेव्हा बीथोव्हनने सर्वांना थांबवून पुन्हा सुरुवात करायला लावली. अशा त्या फाटक्या रात्री पाचवी आणि सहावी या दोन्ही सिंफनी जगाने प्रथम ऐकल्या. दोघी एकाच रात्रीच्या बहिणी. आणि गंमत अशी, की त्या रात्रीच्या पत्रकात क्रमांक उलटे होते. आज जिला आपण सहावी म्हणतो ती 'पास्तोराल' तिथे 'पाचवी' म्हणून छापली होती!

गुरुजी या ठिकाणी प्रथम हसले. "म्हणजे आपण तिकीट काढलं ते पाचवीचंच म्हणा!"

मग मी त्यांना सहावीचा नकाशा सांगितला. तिचे भाग पाच. पहिल्यात माणूस शहरातून गावाकडे येतो. दुसऱ्यात ओढ्याकाठ, अखेरीस बासरी, ओबो आणि क्लॅरिनेट तीन पाखरांचे आवाज काढतात. तिसऱ्यात गावकऱ्यांचा नाच. तो रंगात आलेला असतानाच दूर कुठेतरी गडगडते आणि चौथा भाग सुरू होतो, वादळाचा. साऱ्या सिंफनीत नगारा वाजतो तो फक्त इथे. तोवर तो वादक हात बांधून बसून असतो. पाऊस पडतो, ओसरतो, आणि पाचव्या भागात मेंढपाळ कृतज्ञतेने गाऊ लागतात. तिसरा, चौथा आणि पाचवा हे तिन्ही भाग न थांबता एकात एक मिसळलेले आहेत.

"म्हणजे इथंही सांधा आहे," गुरुजी म्हणाले.

"आहे. पाचवीत अंधारातून उजेडात जायचे असते, इथे पावसातून उघडिपीत."

ते बराच वेळ बोलले नाहीत. बाहेर गल्लीत टँकर लागला होता, त्याचा आवाज येत होता. दुष्काळ सरला तरी आमच्या गावाची टँकरशी ओळख तुटलेली नाही. गुरुजी म्हणाले, "मास्तर, त्या माणसानं पाऊस लिहिला, पण त्याला पावसाची वाट पाहणं ठाऊक होतं का?" मला उत्तर सुचले नाही. इतक्या वेळ मी त्यांना शिकवत होतो. त्या प्रश्नाने पुन्हा विद्यार्थी झालो. कदाचित सहावी सिंफनी आम्हा लातूरकरांना जशी ऐकू येईल तशी ती व्हिएन्नाच्या श्रोत्यांना आलीच नसेल. संचालकाने सुरांचे वजन बदलते म्हणतात. ऐकणाऱ्याने ते कितीसे बदलते याची कुणी गणती केली आहे?

माझ्या मनातली धाकधूक मात्र अजून गेलेली नाही. सगळ्याच बदल्यांतून झुबीन मेहता आणि बर्नस्टाइन निघत नाहीत. जे निघाले त्यांचाच इतिहास लिहिला जातो. जे उभे राहिले, नेटाने काम केले आणि विसरले गेले, त्यांची नावे पत्रकाबरोबर रद्दीत गेली. आमचा तरुण संचालक यांपैकी कोण ठरेल हे मी सांगू शकत नाही. पण त्याला पहिल्या क्षणी "आमचे सर कधी येणार?" असे वाटायला लावणारा चेहरा घेऊन आपण समोर बसू नये, इतके मी ठरवले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींचा नातू शाळेत निरोप घेऊन आला. "आजोबांनी विचारलंय, तिथं फार गार हवा सोडतात का? मफलर घ्यायचा का?"

मी सांगितले, घ्या म्हणावे. १८०८ सालापासून हीच रीत आहे.

मैफल दिवाळीनंतर आहे. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा आम्ही रात्रीच्या गाडीची वाट पाहत असू.