बांबूचे काटे आणि एम.एस्सी.ची मुलं

आमच्या नात्यातली दोन-तीन मुलं सध्या जीवशास्त्र घेऊन एम.एस्सी. करताहेत. जैवविविधता, शाश्वत विकास हे शब्द त्यांच्या तोंडी सारखे असतात. मी पडले मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, सगळं आयुष्य शाळेत इतिहास शिकवण्यात गेलं. त्यांच्या विषयातलं मला काय कळणार! पण प्रत्येक विषयाला स्वतःचा इतिहास असतो आणि तो वाचायला कुणाची हरकत नसते. ही मुलं जे संशोधन आता शिकू लागली आहेत ते आपल्याकडे कसं रुजलं, याबद्दल बरंच वाचलं. त्यातलं जे मनात राहिलं ते इथे लिहिते आहे.

सुरुवात पुण्यापासून करू. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर हे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. तरुणपणी सह्याद्रीतल्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला होता. तसला जीव तोवर फक्त आफ्रिकेत आहे असं समजत. 1946 साली त्यांच्या पुढाकाराने पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी सुरू झाली. आज तिला आघारकर संशोधन संस्था म्हणतात. याच संस्थेत वा. द. वर्तक हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते, आणि 1971 मध्ये हार्वर्डहून पीएच.डी. करून परतलेले माधव गाडगीळ तिथेच रुजू झाले.

दोघं मिळून सह्याद्रीतल्या देवराया हिंडले. देवराई आपल्याला नवी नाही. देवीच्या नावाने राखलेलं रान, तिथली काटकीसुद्धा उचलायची नाही, हे कोकणात आणि मावळात लहान मुलालाही माहीत असतं. 1975 आणि 1976 मध्ये या दोघांचे देवरायांवरचे निबंध प्रसिद्ध झाले. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी जुन्या जंगलाचे तुकडे या रायांमध्ये टिकून आहेत, आणि ते टिकवणारी माणसं गावातलीच आहेत, ही गोष्ट शास्त्राच्या पुस्तकात नोंदली गेली. तोवर जंगलाचा अभ्यास म्हणजे फांदी तोडून आणायची, कागदावर दाबून चिकटवायची आणि खाली लॅटिन नाव लिहायचं असाच बहुतेकांचा समज होता.

आता बांबूची गोष्ट. गाडगीळ तोपर्यंत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले होते. कर्नाटकातल्या बुरुडांची तक्रार होती की कागद गिरण्यांनी रानातला बांबू संपवला. त्या काळी गिरण्यांना तो टनाला अवघ्या दीड रुपयाने मिळत असे! 1975 मध्ये राज्य सरकारने गाडगीळांना यात लक्ष घालायला सांगितलं. ते विद्यार्थ्यांना घेऊन उत्तर कन्नडच्या जंगलात गेले. तिथे वनखात्याची एक पद्धत होती. बांबूच्या बेटाच्या बुंध्याशी काटेरी फांद्यांचं जाळं असतं, ते खात्याची माणसं साफ करत. बेट मोकळं झालं की बांबू जोमाने वाढेल, असा त्यामागचा विचार. गावकरी मात्र म्हणाले, "काटे काढले की कोवळे कोंब गुरं आणि वानरं खाऊन टाकतात. पुढे वाढणार काय?" मोजमाप केल्यावर गावकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं. खातं ज्याला मशागत समजत होतं त्यामुळेच बेटाचं कुंपण जात होतं.

माझ्यातल्या इतिहासाच्या बाईला यातली एक गोष्ट फार आवडली. गाडगीळांनी गावकऱ्यांचं ऐकलं आणि मग ते तपासलंही. आम्ही बखर वाचतो तेव्हा हेच करतो. बखरकार सांगतो म्हणून सगळं खरं धरायचं नाही, आणि बखर आहे म्हणून फेकूनही द्यायची नाही. दुसऱ्या कागदाशी ताडून पाहायची.

न ताडता निर्णय घेतला की काय होतं, याचं उदाहरण राजस्थानात भरतपूरला घडलं. तिथल्या केवलादेव पाणथळीवर थंडीत हजारो पक्षी येतात. म्हशींच्या चराईने पक्ष्यांचं नुकसान होतं असं ठरवून 1982 मध्ये चराई बंद केली. लोक चिडले, गोळीबार झाला, काही गावकरी प्राणाला मुकले. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा तिथला अभ्यास त्याच दशकात चालू होता. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली दहा वर्षं काम करून निष्कर्ष काय निघाला? म्हशी गेल्यावर पाण्यात गवत माजलं, उघडं पाणी कमी झालं आणि पाणपक्ष्यांची अडचण वाढली. म्हशी त्या पाणथळीच्या व्यवस्थेचा भाग झाल्या होत्या. अभ्यास आधी आणि बंदी नंतर असा क्रम असता तर ते जीव वाचले असते, असं राहून राहून वाटतं.

पुढे 1990 च्या दशकात लोकांजवळचं हे ज्ञान गावोगाव लिहून काढायचं ठरलं. 'लोकांची जैवविविधता नोंदवही' ही कल्पना पुढे आली. 1996 ते 1998 या काळात देशातल्या आठ राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून 52 ठिकाणी हे काम झालं. कॉलेजचे प्राध्यापक, विद्यार्थी, कार्यकर्ते आणि गावकरी एकत्र बसून लिहीत होते. भरतपूरजवळच्या आघापूर गावात लोकांनी सांगितलं, की पूर्वी आम्ही वाळ्याची मुळं खणायचो, त्याने माती भुसभुशीत व्हायची आणि सायबेरियन क्रौंचांना जमिनीतले कंद काढता यायचे. खणणं बंद झालं, क्रौंच कमी झाले. खरं की खोटं? तपासून पाहण्याजोगं होतं. पण 2002 नंतर सायबेरियन क्रौंच भरतपूरला दिसलेच नाहीत. आता तपासायचं कशावर? काही प्रश्न विचारायलाही उशीर झालेला असतो.

2002 मध्ये जैवविविधता कायदा झाला, 2004 मध्ये नियम आले, आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती व तिची नोंदवही असं ठरलं. पण बरीच वर्षं काम रेंगाळलं. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली, नाहीतर राज्यांना महिन्याला दहा लाख रुपये भरायला सांगितले. मग काय, धडाक्याने वह्या भरल्या गेल्या. घाईत भरलेली वही कशी असते हे शाळेत वर्षानुवर्षं गृहपाठ तपासणाऱ्या माझ्यासारखीला वेगळं सांगायला नको. या गावची नावं त्या गावी उतरवली तर कुणाला कळणार? ज्या वहीसाठी दिवसच्या दिवस म्हाताऱ्या माणसांजवळ बसायचं, तिचा फॉर्म झाला.

सगळीकडेच असं झालं असं मात्र नाही. आपल्याच गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) पाहा. तिथे गावकऱ्यांचे अभ्यासगट कितीतरी वर्षं चालत आले. 2009 मध्ये गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये आपला बांबू स्वतः विकण्याची वाट मोकळी झाली. दीड रुपये टनापासून इथवर यायला किती वर्षं लागली बघा.

म्हणून घरातल्या आणि बाहेरच्या एम.एस्सी.च्या मुलांना एक सुचवते. पहिल्या सत्रात प्रबंधाचा विषय शोधायला इंटरनेटवर बसाल ते बसा. पण त्याआधी आपल्या आजोळच्या नाहीतर जवळच्या ग्रामपंचायतीत जाऊन ही नोंदवही मागा. त्यातल्या फक्त दहा नोंदी घ्या आणि गावातल्या गुराख्याला, सुईणीला, मासे धरणाऱ्याला विचारून ताडून पाहा. चुकीची नोंद सापडली तर दुरुस्त करून समितीला द्या. माणसं काही सांगतील ते लिहून घ्या, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख टाका, आणि मग शास्त्राने तपासा. गावातली ऐंशीच्या पुढची माणसं फार काळ थांबणार नाहीत, मीही त्याच रांगेत आहे!

तुमच्यापैकी कुणी आपल्या गावची वही पाहिली असेल तर ती कशी निघाली, ते जरूर कळवा.