पहिला कॅमेरा घेताना : अंगभूत फ्लॅश की बाह्य फ्लॅश?

पहिला डिजिटल कॅमेरा घेताना ग्राहक लेन्स आणि मेगापिक्सेलची चौकशी करतो. फ्लॅशची आठवण मात्र पहिल्या काळोख्या प्रसंगी होते. वास्तविक हा विचार खरेदीपूर्वीच व्हायला हवा. काही कॅमेऱ्यांत अंगभूत फ्लॅश नसतो, तर काहींना बाहेरचा कोणताही फ्लॅश चालत नाही.

फ्लॅशची ताकद ‘गाइड नंबर’ या अंकाने सांगतात. मीटरमधील या अंकाला लेन्सच्या एफ-अंकाने भागले की प्रकाश किती अंतरापर्यंत पुरेल ते कळते. निकॉन डी३५०० या कॅमेऱ्याच्या अंगभूत फ्लॅशचा हा अंक आयएसओ १०० ला ७ आहे. म्हणजे एफ/३.५ वर प्रकाश २ मीटर पुरतो, एफ/५.६ वर जेमतेम सव्वा मीटर. आयएसओ ४०० केल्यास हे अंतर दुप्पट होते. परंतु छायाचित्रात रवाळपणाही वाढतो.

या हिशेबाचा अर्थ प्रवासात चटकन उमगतो. मध्य प्रदेशाच्या मराठी भाषक पट्ट्यातील मोहगाव हे अर्धनारीश्वराच्या मंदिरासाठी ओळखले जाते. सौंसर तालुक्यातील हे गाव २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात येते. अशा मंदिरासमोर सायंकाळी कुटुंबाचे छायाचित्र घेतले, तर अंगभूत फ्लॅशने समोरचे चेहरे उजळतात आणि मागचे मंदिर काळोखात बुडते. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई उरतो, त्यामुळे बाह्य फ्लॅशही संपूर्ण वास्तू उजळू शकत नाही. तेथे कॅमेरा तिपाईवर ठेवून शटरचा वेग कमी करणे, हाच मार्ग असतो. गर्भगृहात छायाचित्रणास परवानगी आहे की नाही, हे आधी विचारावे.

अंगभूत फ्लॅशची दुसरी मर्यादा त्याच्या जागेची आहे. तो लेन्सच्या अगदी जवळ असल्याने डोळे लाल दिसतात, चेहरा सपाट होतो आणि मागच्या भिंतीवर कडक सावली पडते. लांब लेन्स लावल्यास तिचीच सावली चित्रात उतरते. बाह्य फ्लॅशचे डोके वर वळवून प्रकाश छतावर टाकता येतो. तो परतताना मऊ होतो. मात्र त्यासाठी छत पांढरे आणि फार उंच नसलेले हवे. गोव्यातील असो वा सौंसरकडील, जुन्या कौलारू घराचे काळवंडलेले, उतरते छत प्रकाश गिळून टाकते आणि रंगीत भिंत चेहऱ्यावर आपला रंग चढवते. अशा घरात थर्माकोलचा पांढरा फलक किंवा पांढरी चादर वापरून प्रकाश परतवावा.

दुकानात कॅमेऱ्याच्या माथ्यावरील हॉट शू, म्हणजे फ्लॅश बसवण्याची खाच, अवश्य पाहावी. कॅननच्या ३०००डी आणि २००डी मार्क २ या प्रतिमानांत तिचा मधला संपर्कबिंदू नाही. त्यामुळे इतर कंपन्यांचे स्वस्त, साधे मॅन्युअल फ्लॅश त्यांवर पेटत नाहीत. कॅननच्या प्रणालीशी जुळणारा फ्लॅशच घ्यावा लागतो. याउलट निकॉन झेड३० आणि सोनी झेडव्ही-ई१० यांत अंगभूत फ्लॅश नाही, पण बाह्य फ्लॅश जोडता येतो. बाह्य फ्लॅशच्या खोक्यावरील ६० हा आकडा बहुधा २०० मिलिमीटर झूमचा असतो. रुंद कोनात ताकद त्याहून बरीच कमी भरते. प्रकाशाचे प्रमाण आपोआप ठरवणारी टीटीएल सोय नवशिक्याला उपयोगी पडते, परंतु ती आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठीच बनवलेली असावी.

सहली, वाढदिवस आणि भर उन्हात टोपीखाली झाकोळलेले चेहरे यांसाठी अंगभूत फ्लॅश पुरेसा आहे. बारसे, मुंज किंवा लग्नाची छायाचित्रे काढायची असतील, तर थोडा कमी किमतीचा पण सर्व संपर्कबिंदू असलेला कॅमेरा घ्यावा आणि उरलेली रक्कम डोके वळणाऱ्या फ्लॅशसाठी राखून ठेवावी. अंगभूत फ्लॅश नसलेल्या कॅमेऱ्याची उणीव पुढे भरून काढता येते. अपुऱ्या हॉट शूची मर्यादा मात्र कॅमेरा बदलेपर्यंत कायम राहते.