पाण्याच्या बादल्या, कोळसा आणि बिस्त्रो

अलीकडे मुंबई-पुण्यात एखाद्या नव्या इमारतीच्या तळमजल्यावर काचेचं दार, बाहेर दोन छोटी गोल टेबलं आणि फळ्यावर खडूनं लिहिलेले पदार्थ दिसले, की पाटीवर हमखास ‘बिस्त्रो’ किंवा ‘कॅफे’ हा शब्द असतो. आत कॉफी बरी मिळते, बिल मात्र जपून वाचावं लागतं. हा सगळा थाट पॅरिसचा, अस्सल फ्रेंच, असं आपण धरून चालतो. पॅरिसचा आहे हे खरंच. पण पॅरिसला तो दिला कुणी हे पाहू लागलं, की एकेक माणूस दूरवरून चालत आलेला निघतो. आज त्या माणसांविषयी बोलायचं आहे.

कॉफीपासूनच सुरुवात करू. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या जिक्रात डोळा लागू नये म्हणून कहवा पीत. तिथून तो मक्केला आणि कैरोला गेला, आणि सोळाव्या शतकाच्या मध्यास इस्तंबूलला पोचला. इस्तंबूलच्या कहवाखान्यांत माणसं बुद्धिबळ खेळत, कविता वाचत आणि दरबारावर तोंडसुखही घेत. राज्यकर्त्यांना ही जागा म्हणूनच फारशी मानवली नाही. १६३३ साली सुलतान चौथ्या मुरादनं कहवाखाने बंद करवले, पण ते कायमचे बंद राहिले नाहीत.

१६६९ साली ऑटोमन सुलतानाचा वकील सुलेमान आगा पॅरिसला आला. चौदाव्या लुईच्या दरबारात त्याचं फारसं जमलं नाही, पण शहरात त्यानं घेतलेल्या घरी सरदारांच्या बायकांची रीघ लागली. गालिचे, उशा, आणि चिनी मातीच्या इवल्या कपांतून येणारा तो काळा, कडू कहवा. पाहुण्या बोलत राहत आणि वकीलसाहेब ऐकत राहत, असं म्हणतात. पुढच्याच वर्षी मोलिएरच्या एका नाटकात तुर्कांच्या फेट्यांची आणि भाषेची यथेच्छ टिंगल झाली. ज्याची थट्टा करायची त्याचंच पेय आवडीनं प्यायचं, हा प्रकार तेव्हापासूनचा!

कॉफी उघड्यावर विकायला सुरुवात केली ती पास्काल नावाच्या एका आर्मेनियन माणसानं, १६७२ साली सेंट जर्मेनच्या जत्रेत. त्याचा धंदा काही चालला नाही. चालला तो सिसिलीहून आलेल्या प्रोकोपिओचा. १६८६ साली त्यानं दुकान थाटलं, भिंतींवर आरसे आणि समोर संगमरवरी टेबलं. १६८९ साली नेमकी कोमेदी फ्रांसेझ ही नाटक मंडळी त्याच्या समोरच्या जागेत आली आणि नट, नाटककार, टीकाकार सगळे त्याचं गिऱ्हाईक झाले. पुढे व्हॉल्तेर, दिदरो तिथे बसू लागले. ‘प्रोकोप’ हे नाव त्या जागी आजही आहे. तुर्की वकील, आर्मेनियन फेरीवाला, सिसिलीचा दुकानदार. फ्रेंच कॅफेच्या जन्मपत्रिकेत अजून एकही फ्रेंच माणूस आलेला नाही, हे लक्षात घ्या.

कॅफेत पोट भरत नसे. जेवायचं तर सराईत जावं लागे. एकच लांब टेबल, ठरलेली वेळ, आणि यजमान वाढेल ते. थोडक्यात, आपल्या खानावळीची पंगत. ‘रेस्तराँ’ या शब्दाचा मूळ अर्थ अंगात ताकद आणणारा, मांसाचा आटवलेला कढ. १७६०च्या दशकात पॅरिसमध्ये हा कढ विकणारी दुकानं निघाली. तिथे गिऱ्हाइकाला स्वतंत्र टेबल, हवी ती वेळ आणि किमती छापलेली यादी मिळू लागली. आपल्याला ही गोष्ट साधी वाटते. पण अनोळखी माणसानं अनोळखी शहरात, कुणाचा पाहुणा न होता, आपल्या पैशानं आपल्याला हवं ते खावं, ही कल्पना त्या काळाला नवी होती. राज्यक्रांतीनंतर सरदार पळाले आणि बेकार झालेल्या त्यांच्या आचाऱ्यांपैकी अनेकांनी हाच धंदा धरला. क्रांतीचा भडकाही एका कॅफेपाशीच उडाला. १२ जुलै १७८९ला पाले रोयालमधल्या कॅफे द फ्वाबाहेर कामीय देमुलँ टेबलावर चढून बोलला, आणि दोन दिवसांनी बास्तीय पडली.

रेस्तराँ पैसेवाल्यांचं राहिलं. बिस्त्रो मात्र गरिबांच्या पोटातून आला, आणि खरी कथा इथेच आहे.

या शब्दाची एक दंतकथा सांगतात. १८१४ साली नेपोलियनला हरवून पॅरिसमध्ये शिरलेले रशियन सैनिक गुत्त्यात ‘बिस्त्रो, बिस्त्रो’, म्हणजे ‘लवकर, लवकर’, असं ओरडत, त्यावरून हे नाव पडलं म्हणे. मोंमार्त्रच्या चौकात तशी पाटीसुद्धा लावलेली आहे. पण हा शब्द लिखाणात सापडतो तो १८८४च्या सुमारास. सत्तर वर्षं एखादा शब्द लोकांच्या तोंडात राहावा आणि कागदावर एकदाही उतरू नये, हे भाषेच्या अभ्यासकांना पटत नाही. मलाही पटत नाही. पाटी लावली की गोष्ट खरी होते, असं थोडंच आहे!

फ्रान्सच्या मध्यभागी ओव्हेर्न्य नावाचा डोंगराळ मुलूख आहे. जमीन निकस, हिवाळा लांबलचक. तिथले पुरुष पोटासाठी पायी पॅरिसला येत आणि पाणके होत. खांद्यावर दोन बादल्या घेऊन पाच-पाच मजले चढायचे आणि बादलीमागे चार पैसे घ्यायचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघरी नळ आले, तेव्हा त्यांनी बादली ठेवून कोळशाचं पोतं उचललं. नवरा कोळसा पोचवायला जाई, बायको दुकान सांभाळी. गिऱ्हाईक कोळशासाठी थांबलं तर त्याला गावाकडच्या वाइनचा पेला देई. होता होता पाटीवर ‘वाइन आणि कोळसा’ असे दोन्ही शब्द आले. तिनं स्वतःच्या कुटुंबासाठी रांधलेल्यातलंच मग दोन माणसं जास्त जेवू लागली. खारवलेल्या डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेली मसूर हा तिकडचा नेहमीचा पदार्थ. त्यातलं निम्मं ताट माझ्या कामाचं नाही, पण मसुरीशी आपली जुनी ओळख आहे.

पॅरिसचे लोक या मंडळींना ‘बुन्या’ म्हणत. कोळसेवाल्याला फ्रेंचमध्ये ‘शार्बोनिए’ म्हणतात, त्याचा त्यांच्या गावंढळ उच्चारावर बेतलेला हा चिडवण्याचा शब्द. एक बुन्या स्थिरावला की गावाकडून भाऊ-पुतण्याला बोलावून घेई आणि फडकं हातात देऊन कामाला लावी. कोकणातून मुंबईला आलेल्या चाकरमान्याला हे वेगळं समजवायला नको. १८८२ साली त्यांनी स्वतःचं वृत्तपत्रही काढलं, ‘पॅरिसचा ओव्हेर्न्यवासी’ अशा अर्थाच्या नावाचं. आणि चिडवलं गेलेल्या याच माणसांच्या हाती पुढे पॅरिसचे नामांकित कॅफे आले. सार्त्र आणि सिमोन द बोव्हार महायुद्धाच्या काळात ज्या ‘कॅफे द फ्लोर’मध्ये शेगडीच्या उबेला बसून लिहीत, त्याचा मालक त्याच मुलखातला होता. अल्सासच्या एका माणसानं १८८० साली काढलेलं ‘लिप’ १९२० साली घेतलं तेही तिकडच्याच एका पाणक्यांच्या मुलखातल्या वेटरनं.

बिस्त्रोत पाटीचा दगड असतो. त्यावर त्या दिवशीचे पदार्थ लिहितात. फ्रेंचमध्ये या दगडाला ‘आर्द्वाझ’ म्हणतात, आणि उधारीलाही तोच शब्द आहे, कारण उधारीही दगडावरच मांडत. आपल्याकडच्या नव्या बिस्त्रोंनी पदार्थांचा फळा तेवढा उचलला, उधारीचा राहून गेला.

मुंबईचा इराणी इथे आठवतोच. यझ्दकडून आलेली माणसं, आणि कोपऱ्यावरचं दुकान इतरांना अशुभ वाटे म्हणून ते यांना मिळालं, अशी सांगोवांगी. संगमरवरी टेबलं तीच, आणि वाफेवर लाकूड वाकवून केलेल्या खुर्च्याही त्याच जातीच्या. ही व्हिएन्नाच्या थोनेटची १८५९ची करामत. एका चहावर दोन तास बसलेल्या नवकवीला तिथे कुणी ऊठ म्हणत नसे. माझ्या पहिल्या संग्रहातल्या निम्म्या कविता अशाच टेबलावर झाल्या. असो.

ओव्हेर्न्यच्या लोकांमागून पॅरिसला आले ते अल्जेरियाच्या डोंगरातले कबाइल. विसाव्या शतकात त्यांनी कामगार वस्त्यांतले बिस्त्रो घेतले. खाली कॅफे, वर खोल्या. एकाच खाटेवर दिवसपाळीचा आणि रातपाळीचा असे दोघे आळीपाळीनं झोपत. मालक पत्र लिहून देई, गावी पैसे पाठवी. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. स्लिमान आझेमसारखे गायक याच कॅफेंमधून परदेशातल्या एकटेपणाची गाणी गात, आणि स्वातंत्र्याचं राजकारणही तिथेच शिजे.

त्या टेबलाशी बसायला मात्र सगळ्यांनाच मुभा होती असं नाही. जर्मन ताब्याच्या काळात, जुलै १९४२मध्ये, ज्यूंना कॅफे, रेस्तराँ आणि नाटकगृहांत जायला बंदी झाली. त्या दिवसांत बोर्दो शहरात मोरिस पापाँ नावाचा एक अधिकारी होता. तिथल्या ज्यूंना छावण्यांकडे रवाना करण्यात त्याचा हात होता, आणि त्याबद्दल त्याला शिक्षा झाली ती थेट १९९८ साली. मधल्या काळात तो पॅरिसचा पोलीसप्रमुख होऊन गेला. ५ ऑक्टोबर १९६१ला त्यानं हुकूम काढला : अल्जेरियन मुसलमानांनी रात्री साडेआठ ते पहाटे साडेपाच घराबाहेर पडू नये, आणि ते चालवत असलेले, ते जात असलेले कॅफे संध्याकाळी सातला बंद व्हावेत. दिवसभर कारखान्यात राबणाऱ्यानं सातनंतर जायचं कुठे? १७ ऑक्टोबरला हजारो अल्जेरियन, बायकामुलांसह, या हुकुमाविरुद्ध नि:शस्त्र रस्त्यावर आले. पोलिसांनी कित्येकांना मारलं, काहींना सेन नदीत फेकलं. सरकारी आकडा दोन-तीनचा होता. इतिहासकार डझनावारी म्हणतात, काही जण शंभरावर. सेनच्या पुलावर स्मृतिफलक लागायला २००१ साल उजाडलं.

१३ नोव्हेंबर २०१५च्या रात्री बंदूकधारी आले ते त्याच शहरातल्या कॅफेंच्या फुटपाथवरच्या टेबलांवर. त्या रात्री पॅरिसमध्ये आणि लगतच्या सेंट देनीत मिळून १३० माणसं मेली. पहिल्या गोळ्या झाल्या त्या ‘कारियाँ’ या बारवर आणि समोरच्या ‘पेती कांबोज’वर. कारियाँ चालवणारं कुटुंब कबाइल, आणि समोरचं हॉटेल कंबोडियाच्या जेवणाचं. धर्माच्या नावानं आलेल्या त्या माणसांनी मुसलमान मालकाच्या दारातच रक्त सांडलं. कारियाँ दोन महिन्यांत पुन्हा उघडलं.

फ्रान्समध्ये १९६०च्या सुमारास दोनेक लाख कॅफे होते. ते आता चाळीस हजारांच्या आत आले आहेत. २०२४ साली तिथल्या सरकारनं बिस्त्रो आणि कॅफेंतल्या रिवाजांची नोंद राष्ट्रीय वारशाच्या यादीत केली. पॅरिसमधले तंबाखू आणि कॉफी एकत्र विकणारे कितीतरी ठेले आता चीनच्या वेंजोऊकडून आलेली कुटुंबं चालवतात. सकाळी अंधारातच शटर वर जातं. उभ्यानं पिणाऱ्याला कॉफी स्वस्त, बसून पिणाऱ्याला महाग, हा जुना दर त्यांनीही तसाच ठेवला आहे.